‘अल्प’ या विशेषणाचे लक्षण : किरणोत्सर्गी टाकाऊ पदार्थांच्या वर्गीकरणाची चिकित्सा

१

वर्गीकरण ही शास्त्राची पहिली पायरी मानली जाते; परंतु शासनव्यवहारात ती पुष्कळदा शेवटची पायरी ठरते. एखाद्या वस्तूवर एकदा वर्गाचे नाव पडले, की पुढील निर्णय त्या नावावरून होतात. वस्तूकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही. म्हणून शासकीय वर्गीकरणाची भाषा ही केवळ परिभाषेची बाब न राहता आचाराची बाब होते. नियामक संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या संहिता व मार्गदर्शिका वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. तथापि लक्षण, भेद आणि प्रयोजन या तीन अंगांनी ज्या ग्रंथाची परीक्षा करता येते, तो चिकित्सेस पात्र आहे असेच म्हटले पाहिजे. किरणोत्सर्गी टाकाऊ पदार्थांची वर्गवारी ठरविणारे लेखन या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण त्यात ‘अल्प’ या एका विशेषणावर शेकडो वर्षांचा भार टाकलेला आहे.

हा विषय मराठी वाचकास दूरचा नाही. तारापूर येथील अणुवीजकेंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातील अणुविजेचा तो आरंभ होय. पुढे २००५ व २००६ या वर्षांत तेथेच प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्यांची भर पडली. त्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. इंधनावर पुनःप्रक्रिया करणारे कारखाने, उच्च पातळीचे द्रव काचेत बद्ध करणारे संयंत्र आणि अल्प व मध्यम पातळीच्या घन पदार्थांची भूपृष्ठालगतची विल्हेवाट, अशी या उद्योगाची सर्व अंगे त्याच परिसरात आहेत. तारापूरच्या दक्षिणेस, त्याच किनाऱ्यावर, सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटरांवर आगाशी आहे. आगाशीत असले काही पुरलेले नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. परंतु तारापूर आणि आगाशी यांची किनारपट्टी एक आहे, पाऊस एक आहे, २०१४ पासून जिल्हाही एकच, म्हणजे पालघर, आहे. आणि जमिनीशी व विहिरीशी असलेला माणसाचा व्यवहारही बहुतांशी सारखा आहे. मार्गदर्शिकेतील अमूर्त ‘भावी मनुष्य’ कसा असेल याचा विचार करताना आगाशीचा वाडीवाला डोळ्यांसमोर ठेवणे म्हणूनच युक्त ठरते.

२

भारतीय न्यायपरंपरेने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय म्हणजे तांबूस प्राणी, असे म्हटल्यास पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे म्हटल्यास म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकखुरी प्राणी, असे म्हटल्यास एकही गाय सापडत नाही, हा असंभव. विद्यार्थ्यांच्या परिचयाची ही कसोटी ‘अल्प पातळीचा किरणोत्सर्गी टाकाऊ पदार्थ’ या पदास लावून पाहिली असता काय दिसते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

कसोटी लावण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. टाकाऊ वस्तूची वर्गवारी तीन तत्त्वांवर करता येते. ती कोठून आली हे पाहणे, हे पहिले तत्त्व. ती आज कशी आहे हे मोजणे, हे दुसरे. तिचे पुढे काय करावयाचे हे ठरविणे, हे तिसरे. ही तिन्ही तत्त्वे घरगुती व्यवहारातही आढळतात. निर्माल्य हे उत्पत्तीवरून निर्माल्य ठरते. फूल ताजे असले तरी ते देवावरून उतरलेले आहे एवढे पुरते. नासलेले दूध हे स्थितीवरून ठरते. आणि आगाशीच्या परिसरातील राजेळी केळी सुकेळ्यांसाठी वेगळी काढली जातात, ती उद्दिष्टावरून. उत्पत्ती, स्थिती आणि गती अशी या तीन तत्त्वांना नावे देता येतील. किरणोत्सर्गी पदार्थांच्या वर्गीकरणाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास हा या तीन तत्त्वांच्या स्पर्धेचा इतिहास आहे.

३

उत्पत्तितत्त्वाचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या कायद्यात आहे. तेथील १९८० च्या व त्यात सुधारणा करणाऱ्या १९८५ च्या कायद्याने अल्प पातळीच्या टाकाऊ पदार्थाची व्याख्या निषेधाने केली आहे. जो पदार्थ उच्च पातळीचा नाही, जे वापरलेले अणुइंधन नाही, जो युरेनियम वा थोरियमच्या खनिजावरील प्रक्रियेतून उरलेला गाळ नाही, तो अल्प पातळीचा, असा तिचा आशय आहे. ‘नेति नेति’ ही पद्धत ब्रह्माच्या बाबतीत शोभते, कारण तेथे वस्तू शब्दातीत मानलेली आहे. पिंपात भरून पुरावयाच्या वस्तूस ती शोभत नाही. या व्याख्येने प्रयोगशाळेतील हातमोजे आणि अणुभट्टीच्या गर्भातून काढलेले, अत्यंत तीव्र प्रारण देणारे पोलादी भाग एकाच नावाखाली येतात. नावात ‘अल्प’ आहे, परंतु वस्तूत अल्पता असेलच असे नाही. हा अतिव्याप्तीचा दोष होय, आणि तो नुसता तार्किक नाही. नावावरून अर्थ घेणाऱ्या सामान्य नागरिकाची त्याने सरळ दिशाभूल होते.

हा दोष कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आला नव्हता असे मात्र नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८२ मध्ये जे नियम केले त्यांत या अवाढव्य वर्गाचे अ, ब आणि क असे पोटभेद पाडले आणि क वर्गाची मर्यादा ओलांडणारा पदार्थ सामान्यतः भूपृष्ठालगत पुरण्यास अयोग्य ठरविला. या नियमांतील दोन कोष्टके हा या विषयावरील लेखनातील कदाचित सर्वांत विचारपूर्ण भाग आहे. त्यांतील अंकांचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होते. सीझियम-१३७ या समस्थानिकाची अ वर्गाची मर्यादा घनमीटरास १ क्यूरी, ब वर्गाची ४४ क्यूरी आणि क वर्गाची ४,६०० क्यूरी आहे. प्रथमदर्शनी हे आकडे स्वैर वाटतात. परंतु सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे आहे. शंभर वर्षांत त्याचा सुमारे एकदशांश भाग उरतो आणि पाचशे वर्षांत सुमारे एक लाखांश. अ वर्गातील १ क्यूरीचा शंभर वर्षांनी सुमारे ०·१ क्यूरी होतो. क वर्गातील ४,६०० क्यूरींचा पाचशे वर्षांनी ०·०५ क्यूरीहूनही कमी होतो. म्हणजे आज परस्परांपासून हजारो पटींनी दूर असलेले हे आकडे आपापल्या मुदतीच्या अखेरीस जवळजवळ येतात. शंभर वर्षे जागेवर पहारा राहील, आणि क वर्गाचा पदार्थ पाच मीटर खोल किंवा पाचशे वर्षे टिकणाऱ्या अडथळ्याआड राहील, अशी त्यांमागील कल्पना आहे. येथे वर्गाचे नाव आजच्या तीव्रतेचे नसून वाट पाहण्याच्या काळाचे आहे. उत्पत्तीवरून सुरू झालेली व्याख्या कोष्टकात येताच गतितत्त्वाकडे वळते, हे या नियमांचे श्रेय होय.

परंतु त्याच कोष्टकांत कार्बन-१४ आणि टेक्नेशियम-९९ यांचेही आकडे आहेत. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे. पाचशे वर्षांत त्याचा सुमारे सहा टक्केच भाग क्षय पावतो. टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे. त्यांच्या बाबतीत वाट पाहण्यास अर्थच नाही. त्यांच्यापुढील आकडा हा केवळ ‘याहून अधिक नको’ असे सांगतो. एकाच कोष्टकात दोन भिन्न युक्तिवाद शेजारी शेजारी बसविलेले आहेत आणि वाचकास ते एकाच जातीचे वाटतात. मार्गदर्शिकेच्या भाषेची ही पहिली मोठी उणीव म्हणावी लागेल.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्या समस्थानिकांची नावे कोष्टकांत नाहीत, असे पदार्थ आपोआप अ वर्गात पडतात. युरेनियमचे नाव कोष्टकांत नाही. त्यामुळे समृद्धीकरणानंतर उरणारे निःसत्त्व युरेनियम अल्प पातळीचे असल्याचा निर्णय २००५ मध्ये त्या आयोगाने दिल्यावर, या कलमानुसार ते सर्वांत सौम्य अशा अ वर्गात जाऊन बसले. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे साडेचार अब्ज वर्षांचे आहे, आणि त्यातून क्षयाने निर्माण होणाऱ्या द्रव्यांमुळे त्याचा एकूण किरणोत्सर्ग काळाबरोबर वाढत जातो. शंभर वर्षांत निरुपद्रवी होणाऱ्यांच्या पंक्तीत हा पदार्थ कोणत्याही गुणामुळे बसलेला नाही. यादी करताना त्याचा विचार झाला नव्हता, एवढेच त्याचे कारण. यादीत नसणे हा वस्तूचा गुण नव्हे. निषेधमूलक व्याख्येचा दोष पोटभेदांतही पुन्हा डोके वर काढतो, असे यावरून दिसते.

४

स्थितितत्त्वाचे उदाहरण घरचे आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९७० मध्ये, म्हणजे तारापूरचे केंद्र सुरू झाल्याच्या सुमारासच, टाकाऊ पदार्थांच्या श्रेणींचे प्रमाणीकरण सुचविले. त्यात द्रवांच्या पाच आणि घनांच्या चार श्रेणी होत्या. घन पदार्थांच्या पहिल्या तीन श्रेणी वेष्टनाच्या पृष्ठभागावर तासाला किती मात्रा मिळते यावरून ठरत, आणि चौथी आल्फा-उत्सर्जक द्रव्यांसाठी राखलेली होती. भारतातील प्रचलित श्रेणी याच वळणाच्या आहेत : तासाला २ मिलिग्रेपर्यंत पहिली, २ ते २० मिलिग्रे दुसरी, २० मिलिग्रेहून अधिक तिसरी, आणि आल्फा-उत्सर्जकांची चौथी. १९७० च्या शिफारशीतील मर्यादा जुन्या एककांत ०·२ व २ राँटगेन अशा होत्या. एकके बदलली, तरी अंकांचे कूळ स्पष्ट ओळखता येते. या श्रेणींना अनुसरून दगडी अस्तराचे खंदक, सलोह काँक्रीटचे खंदक आणि जमिनीत उभ्या बसविलेल्या, ‘टाइल-होल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या नळकांडी विवरांची योजना झालेली आहे.

या पद्धतीचा गुण निःसंशय आहे. पिंप उचलणारा कामगार, ते वाहून नेणारा चालक, खंदकाच्या काठावर उभा असलेला पर्यवेक्षक यांना मापक हातात धरून क्षणात उत्तर मिळते. वीजकेंद्राच्या आवारातील माणसाचे रक्षण करणारे हे वर्गीकरण आहे आणि त्या कामी ते उत्तम आहे. रासायनिक पृथक्करणाची वाट पाहत पिंपे उघड्यावर पडू न देणे हेही सुरक्षिततेचेच अंग होय.

परंतु पृष्ठभागावरची मात्रा ही आजच्या दिवसाची आणि बाहेरच्या अंगाची गोष्ट आहे. कोबाल्ट-६० असलेले एक पिंप घ्यावे, ज्याच्या पृष्ठभागावर तासाला २० मिलिग्रे मात्रा आहे. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून किंचित अधिक आहे. सुमारे साडेसतरा वर्षांत ती मात्रा २ मिलिग्रेवर येईल, आणि तिसऱ्या श्रेणीच्या उंबरठ्यावरचे पिंप पहिल्या श्रेणीत उतरेल. शेजारी निकेल-६३ चे दुसरे पिंप ठेवावे. त्याचे अर्धायुष्य सुमारे शंभर वर्षांचे. परंतु तो दुर्बल बीटा कण सोडतो, जे पिंपाच्या पत्र्याबाहेर पडत नाहीत. मापकाचा काटा हलत नाही, म्हणून हे पिंप पहिल्याच दिवशी पहिल्या श्रेणीत. चिरकाल राहणारे सौम्य ठरले आणि लवकर जाणारे तीव्र ठरले. पुरण्याच्या दृष्टीने पाहिल्यास क्रम नेमका उलटा हवा. ही अव्याप्ती होय : ज्यास दीर्घकाल जपावयाचे त्यास हे लक्षण पकडत नाही. आल्फा-उत्सर्जकांची चौथी श्रेणी वेगळी काढावी लागली, हीच या उणिवेची कबुली आहे. ती श्रेणी पृष्ठमात्रेवर आधारलेली नाही. म्हणजे पद्धतीच्या कर्त्यांनी स्वतःच्या तत्त्वास अपवाद करून ती पद्धती वाचविली आहे. अपवाद योग्यच आहे. परंतु तो आल्फावर थांबला, दुर्बल बीटापर्यंत पोहोचला नाही.

आणखी एक गोष्ट येथे विचारार्ह आहे. पिंपाच्या आत सिमेंटचा थर जाड केला की पृष्ठभागावरील मात्रा घटते, आणि द्रव्य तेवढेच असता श्रेणी बदलू शकते. अमेरिकन पद्धतीत हीच अडचण दुसऱ्या वेषात येते. तेथे घनमीटरामागे क्यूरी मोजतात. म्हणून घनमीटर वाढविला की भागाकार लहान होतो. एका घनमीटरात गणावे काय, ही गोष्ट इतकी निर्णायक ठरली, की सरासरी कशी काढावी यावर त्या आयोगाच्या कार्यालयास १९८३ मध्ये, पुन्हा १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन लिहावे लागले. तीस वर्षांहून अधिक काळ चाललेली ही चर्चा अंशाची नसून छेदाची आहे. कोष्टकातील आकडा तोच ठेवून भागावयाची संख्या ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, वर्ग ठरविण्याचा अधिकारही त्याच्याच हाती, ही गोष्ट अशा मार्गदर्शिकांच्या वाचकाने विसरता कामा नये. असे मार्गदर्शन मूळ नियमास पुरवणी म्हणून येते. प्रत्यक्षात तो नियमाचा गाभाच असतो.

५

गतितत्त्वाचा पूर्ण स्वीकार आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत झालेला दिसतो. तिने सहा वर्ग मानले आहेत : नियंत्रणमुक्त, अत्यल्पायुषी, अत्यल्प पातळीचा, अल्प पातळीचा, मध्यम पातळीचा आणि उच्च पातळीचा. प्रत्येक वर्ग हा एका विशिष्ट विल्हेवाटीचे नाव आहे. अत्यल्पायुषी म्हणजे ठेवून द्यावा आणि क्षय झाल्यावर सोडून द्यावा असा. कंठग्रंथीच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे. ऐंशी दिवसांत त्याचा सहस्रांशाहूनही कमी भाग उरतो. रुग्णालयातील अशा पदार्थास खंदक नको, कुलूपबंद खोली आणि दिनदर्शिका पुरे. अल्प पातळीचा म्हणजे भूपृष्ठालगत, सुमारे तीनशे वर्षांपर्यंत राखणदारी ठेवून पुरावा असा. मध्यम पातळीचा म्हणजे त्याहून खोल न्यावा असा. दीर्घायुषी आल्फा-उत्सर्जकांसाठी ग्रॅममागे सरासरी ४०० बेकेरेल आणि एखाद्या वेष्टनात जास्तीत जास्त ४,००० बेकेरेल, असे दंडकही तिने उदाहरणादाखल दिलेले आहेत.

या ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे त्याची प्रांजलता. वर्गांच्या सीमा जागेवर अवलंबून असतात आणि म्हणून त्या प्रत्येक राष्ट्राने ठरवाव्यात, असे तो मोकळेपणाने मानतो. सार्वत्रिक अंक देण्याचा मोह त्याने टाळला आहे. दोषही तेथेच आहे. लक्षण गतीवर आधारलेले आहे, परंतु नावे मात्र जुन्या स्थितितत्त्वाचीच राहिली आहेत. ‘अत्यल्प’, ‘अल्प’, ‘मध्यम’, ‘उच्च’ ही तीव्रतेची चढती भाजणी आहे. वर्ग मात्र काळाचे व खोलीचे आहेत. आतला अर्थ बदलला आणि बाहेरचा शब्द तसाच राहिला, तर तज्ज्ञ आतल्या अर्थाने बोलतो आणि नागरिक बाहेरच्या शब्दाने ऐकतो. दोघेही प्रामाणिक असून संवाद होत नाही.

भारतात १९८७ मध्ये किरणोत्सर्गी टाकाऊ पदार्थांच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने २००७ मध्ये या पदार्थांच्या व्यवस्थापनाची संहिता प्रसिद्ध केली, आणि वर्गीकरणावर स्वतंत्र मार्गदर्शिकाही दिली. हाताळणीसाठी स्थिती व पुरण्यासाठी गती अशी दोन्ही तत्त्वे जवळ आणण्याची गरज या लेखनास मान्य आहे. परंतु पृष्ठमात्रेच्या श्रेणी व्यवहारात रुळलेल्या असल्यामुळे बोलण्यात आणि लिहिण्यात त्यांचेच प्राबल्य राहते. ज्या अंकाने कामगाराचे रक्षण होते, त्याच अंकाने पणतूचे रक्षण होते असे गृहीत धरण्याचा धोका येथे आहे.

६

आता तीनशे वर्षांचा विचार करावयाचा. दहा अर्धायुष्यांत कोणताही समस्थानिक सुमारे सहस्रांशावर येतो. सीझियम-१३७ व स्ट्राँशियम-९० यांच्या बाबतीत तीनशे वर्षे म्हणजे दहा अर्धायुष्ये. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा अंक निर्दोष आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे आगाशीच्या परिसरातून पाहता येते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली, त्यास अद्याप तीनशे वर्षे झालेली नाहीत. तेवढ्या काळात या भूमीने पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांची राज्ये जाताना पाहिली, आणि प्रजासत्ताकाच्या काळातही तिचा जिल्हा २०१४ मध्ये ठाण्याचा पालघर झाला. दफ्तरांच्या भाषा बदलल्या, लिप्या बदलल्या, जमिनीची मोजमापे बदलली. अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या दरवाज्यावरील मराठी शिलालेख आजही वाचता येतो, हे खरे. परंतु कोरलेला दगड राहतो तो किल्ला बांधणाऱ्याच्या अभिमानामुळे. टाकाऊ वस्तूविषयी असा अभिमान कोणास असत नाही. संस्थात्मक नियंत्रणाचा तीनशे वर्षांचा काळ म्हणजे अखंड दफ्तराचे गृहीतक आहे, आणि या किनाऱ्याचा इतिहास त्या गृहीतकास अनुकूल साक्ष देत नाही.

स्मृती किती लवकर तुटते याचा दाखला विद्यापीठीय जगातच घडलेला आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले उपकरण फोडले गेले. एकाचा मृत्यू झाला आणि इतर काही जण आजारी पडले. ते उपकरण दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात सुमारे चार दशकांपूर्वी आणलेले होते. वापराबाहेर पडून राहिले आणि लिलावात भंगार म्हणून गेले. हा मोहोरबंद उगमाचा प्रसंग होता, पुरलेल्या पिंपाचा नव्हे, हा भेद मान्य केला पाहिजे. तरीही त्यातील मुद्दा वर्गीकरणाचाच आहे : ‘किरणोत्सर्गी’ या वर्गातील वस्तू ‘भंगार’ या वर्गात गेली, आणि वस्तूत काहीही बदल न होता केवळ तिचे नाव बदलल्याने अपघात घडला. शिकल्यासवरलेल्या संस्थेची स्मृती चाळीस वर्षे पुरली नाही. तीनशे वर्षांच्या राखणदारीचे वचन तोलताना हा अनुभव बाजूस ठेवता येत नाही.

स्मृती तुटल्यानंतर काय, याचे उत्तर देण्यासाठी अमेरिकन नियमकर्त्यांनी ‘अनाहूत प्रवेशक’ कल्पिला. पहारा संपल्यानंतर अजाणता त्या जागी येणारा, घरासाठी पाया व तळघर खणणारा, तेथेच शेती करून स्वतःचे अन्न पिकविणारा असा तो मनुष्य आहे. कोष्टकांतील पुष्कळ अंक या कल्पित माणसाच्या दिनचर्येवरून निघालेले आहेत. गणिताच्या तळाशी एक कथा आहे, आणि ती कथा अमेरिकन आहे. उत्तर कोकणातील प्रवेशक तळघर खणणार नाही. तो जोत्यासाठी भराव आणील, नारळाच्या रोपासाठी खड्डा घेईल, विहीर काढील. आणि आगाशी-वसईच्या पट्ट्यात वाडी शिंपण्यासाठी बावखल खणील. बावखल म्हणजे जमिनीतील पाणी उघड्यावर आणणारे रुंद खोदकाम होय. तळघराचा माणूस कोरड्या मातीत शिरतो. बावखलाचा माणूस पाण्यापर्यंत जातो आणि ते पाणी वर्षभर पिकांना देतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावर भूजल फारसे खोल नसते. म्हणून ज्या कथेवरून अंक निघाले ती कथा बदलली, की अंकांचीही फेरतपासणी झाली पाहिजे. प्रत्येक जागेचा स्वतंत्र सुरक्षाविचार केला जातो, आणि खंदकांचे काँक्रीट, जलरोधक आवरण व निरीक्षण-विहिरी यांची तरतूद पाण्यासाठीच असते, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रश्न बांधकामाचा नाही, वर्गाच्या नावाचा आहे : ‘अल्प’ हे विशेषण कोणत्या पाण्याच्या, कोणत्या मातीच्या आणि कोणत्या माणसाच्या संदर्भात अल्प, हे नावात कोठेही येत नाही.

७

या चिकित्सेवरून वर्गीकरणच त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. वर्ग नसता तर हातमोजे आणि अणुभट्टीचे पोलाद यांवर सारखाच खर्च झाला असता, आणि सर्वांवर सारखाच खर्च करू पाहणारी व्यवस्था अखेर कशावरच पुरेसा खर्च करीत नाही. अल्प पातळीच्या पुष्कळशा पदार्थांपासून असलेला धोका खरोखरच थोडा आहे. ‘किरणोत्सर्गी’ हा शब्द ऐकताच सर्व एका भीतीने पाहणे हीही एक अतिव्याप्तीच आहे. दोष विभागणीत नाही, लक्षणात आहे. उत्पत्तीवरून केलेली व्याख्या फार मोठे जाळे टाकते. स्थितीवरून केलेली व्याख्या दीर्घायुषी सौम्यास निसटू देते. गतीवरून केलेली व्याख्या तिघींत सर्वांत निर्दोष, परंतु ती दुसऱ्याची नावे घेऊन वावरते.

याचा परिहार अवघड नाही. वर्गाच्या नावाबरोबर त्याची मुदत यावी. पिंपावरील चिठ्ठीत पृष्ठमात्रा असते, तशी ती मोजल्याची तारीख, त्यातील मुख्य व दीर्घायुषी समस्थानिक, आणि सहस्रांशावर येण्यास लागणारी वर्षे असावीत. ‘अल्प, पहिली श्रेणी’ यापेक्षा ‘सौम्य, परंतु हजार वर्षे’ हे विधान अधिक खरे आहे. आणि ‘तीव्र, परंतु साठ वर्षे’ हे विधान अधिक दिलासा देणारे आहे. मराठीपुरते पाहिल्यास, ज्या जिल्ह्यात हे खंदक आहेत त्या जिल्ह्याच्या भाषेत ही परिभाषा घडविणे हे विद्यापीठांचे काम आहे. इंग्रजी पदांना एकास एक प्रतिशब्द देऊन ते पुरे होणार नाही; तसे केल्यास मूळ पदांचे दोषही भाषांतरित होतील. ‘अल्प’ऐवजी ‘अल्पकालिक’ व ‘दीर्घकालिक’ हा भेद पायाशी घेऊन ‘सौम्य’ व ‘तीव्र’ हा भेद त्यावर रचला, तर चार स्पष्ट कोठे मिळतात, आणि मराठी वाचकास त्यांतील प्रत्येकाचा अर्थ कोशाविना कळतो.

लक्षण निर्दोष असले पाहिजे, हा आग्रह न्यायशास्त्रज्ञांनी गायीसाठी धरला, जिला प्रत्येक जण डोळ्यांनी ओळखतो. जी वस्तू डोळ्यांनी दिसत नाही, जिला वास नाही, आणि जिच्यापासून तीनशे वर्षांनंतरच्या अनोळखी माणसास नावाखेरीज दुसरे काहीच सावध करू शकणार नाही, तिच्या बाबतीत तो आग्रह किती अधिक धरला पाहिजे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.